पाहणी आणि पाळत

बडोदे शहराच्या वायव्येस, मही नदीच्या अंगाला, नंदेसरी हे गाव आहे. गुजरात औद्योगिक विकास महामंडळाने तेथे कारखान्यांची वसाहत उभारली आणि आज नंदेसरी म्हटले की रंग, औषधे व रसायने तयार करणारे कारखाने डोळ्यांपुढे येतात. या कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रियेनंतर एका कालव्यात सोडले जाते. तो कालवा सुमारे ५५ किलोमीटर जाऊन खंबातच्या आखाताच्या बाजूला रिकामा होतो. २०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिशय प्रदूषण करणाऱ्या सतरा प्रकारच्या उद्योगांना असा आदेश दिला की, बाहेर पडणारे पाणी आणि धूर सतत मोजणारी यंत्रे बसवावीत व त्यांचे आकडे मंडळाकडे थेट पोहोचवावेत. रंगांचे आणि औषधांचे कारखाने त्या सतरांत होते. म्हणजे रात्री दोन वाजता कोणी गुपचूप आम्लाचे पाणी सोडले, तर निदान कागदावर तरी सरकारला ते तत्काळ कळावे, अशी योजना झाली.

या देखरेखीविरुद्ध कोणी सुबुद्ध नागरिक तक्रार करणार नाही. कारखान्याच्या गटाराला लाज नसते. त्यातून वाहणारे पाणी पुढच्या गावाच्या विहिरीत उतरते, म्हणून ते पाहण्याचा अधिकार पुढच्या गावाला आहे आणि गावाच्या वतीने तो सरकारने बजावावयाचा आहे. परंतु त्याच कारखान्यातला कामगार पाळी संपवून घरी गेला, त्याने दार लोटून घेतले, म्हणजे मग सरकारला त्याच्या मागोमाग आत जाता येईल काय? तो कोणाशी बोलतो, कोणत्या गावी जातो, त्याच्याकडे कोण उतरते, हे टिपून ठेवण्याचा अधिकार सरकारला आहे काय? आणि असल्यास केव्हा, कोणाच्या हुकुमाने, किती दिवस?

मराठीत यासाठी तीन निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यांतला भेद जाणकारीचा आहे. पाहणी, देखरेख आणि पाळत. पाहणी सर्वांची होते आणि उघड होते. देखरेख एखाद्या कामावर असते आणि ज्याच्यावर ती आहे त्याला ती माहीत असते. पाळत मात्र एका माणसावर किंवा एका जमातीवर ठेवली जाते. तिच्या मुळाशी संशय असतो, आणि ती केव्हा उठणार हे ज्याच्यावर ती आहे त्याला कळत नाही. पुष्कळदा ती आहे हेही कळत नाही.

राज्याने प्रजेची नोंद करणे यात मुळात काही वावगे नाही. ऑगस्टस कैसराने नावनिशीचा हुकूम काढला म्हणून योसेफ आणि मरिया नाझरेथ सोडून बेथलेहेमास गेले, असे शुभवर्तमानात सांगितले आहे. शिरगणती इतकी जुनी गोष्ट आहे. गावात मुले किती हे ज्या सरकारला ठाऊक नाही, ते शाळा कोठे बांधणार? आपल्या जनगणनेच्या १९४८ च्या कायद्यात तर मोठे शहाणपण आहे. घरोघर फिरून गणकाने जे लिहून घेतले ते कोणाला दाखवावयाचे नाही, आणि न्यायालयात कोणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरावयाचे नाही, असे त्याच्या पंधराव्या कलमात म्हटले आहे. लोकांनी खरे सांगावे असे वाटत असेल, तर सांगितलेले त्यांच्यावर उलटणार नाही अशी हमी द्यावी लागते. हे साधे सूत्र तेव्हाच्या कायदेकर्त्यांना समजले होते.

परंतु त्याच देशात दुसरीही एक नोंदवही होती. ती चावडीवर असे.

१८७१ साली इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमातींचा कायदा' केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली त्याची व्याप्ती वाढली आणि मुंबई इलाखा त्याच्या कक्षेत आला. १९२४ साली त्याला एकत्रित रूप मिळाले. या कायद्याची विशेष गोष्ट अशी की, त्यात माणसाने गुन्हा केला आहे हे सिद्ध करावे लागत नसे. सरकारने राजपत्रात एखाद्या जमातीचे नाव घातले की त्या जमातीत जन्मास आलेला माणूस संशयित ठरत असे. मग त्याचे नाव नोंदवावयाचे, बोटांचे ठसे घ्यावयाचे, आणि ठरलेल्या वेळी त्याने हजेरी द्यावयाची. राहते ठिकाण सोडावयाचे असेल तर आधी कळवावयाचे. बहिणीच्या लग्नाला शेजारच्या तालुक्यात जावयाचे तरी परवाना. कोणी आजारी म्हणून निरोप आला तरी परवाना. संशयास्पद परिस्थितीत सापडला, तर चोरी झालेली नसली तरी तीन वर्षांपर्यंत कैद. रात्रीच्या वेळी रस्त्यात असणे म्हणजे संशयास्पद परिस्थिती की नाही, हे ठरविणारा अधिकारी तोच, ज्याने त्याला अडविलेले असे.

'हजेरी' या शब्दाचे नशीब चमत्कारिक आहे. शाळेत हजेरी घेतली जाते ती मुलाच्या हिताची. मूल आले नाही तर त्याला काय झाले याची कोणाला तरी काळजी आहे, असा तिचा अर्थ. चावडीवरची हजेरी त्याच शब्दाची, तशाच वहीतली. पण तेथे न येणारा माणूस आजारी नसून फरारी समजला जाई. महाराष्ट्रातील भटक्या आणि विमुक्त समाजांत या शब्दाविषयी अजून जो शहारा आहे, तो इतरांना सहसा समजत नाही.

मुंबई इलाख्यात विजापूर, सोलापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणी या लोकांसाठी वसाहती काढण्यात आल्या. सोलापुरात त्या वस्तीला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. कुंपणाच्या आत कुटुंबे राहत. बाहेर गिरणीत कामाला जात. आणि परत येऊन हजेरी देत. वसाहती चालविणाऱ्यांपैकी काहींचा हेतू चांगला होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तेथे शाळा निघाल्या, काहींना हातात धंदा आला. परंतु मुलांना सुधारण्यासाठी आईबापांपासून वेगळे करून ठेवण्याची मुभाही त्याच कायद्यात होती. चांगल्या हेतूने दुसऱ्याच्या घराचे दार काढून टाकता येते, आणि मग ते कोणी परत बसवून देत नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. त्या दिवसाची आठवण 'विमुक्त दिन' म्हणून पाळली जाते, आणि महाराष्ट्राच्या यादीत बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, पारधी, रामोशी, वडार इत्यादी चौदा जमाती 'विमुक्त' म्हणून नोंदलेल्या आहेत. पण कायदा गेला तरी वही गेली नाही. पुढे निरनिराळ्या राज्यांनी 'सराईत गुन्हेगारां'चे कायदे केले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ सालचा. त्या वेळी बडोदे आणि सोलापूर एकाच मुंबई राज्यात होती. १९६० साली राज्य दुभंगले तेव्हा दोन्ही वाटेकऱ्यांना हा वारसा मिळाला. नव्या कायद्यात जमातीचे नाव नाही. व्यक्ती शिक्षापात्र ठरली असेल तरच तो लागू होतो, हा फरक महत्त्वाचा आहे. मात्र पोलीस ठाण्यातील सवय कायद्याच्या शब्दाने एका रात्रीत बदलत नसते. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पोलिसांची झडती ही त्या घरातली नित्याची गोष्ट कशी होती, हे पांढरपेशा मराठी वाचकांपैकी अनेकांना प्रथम त्या पुस्तकातून समजले. १९९८ साली बडोद्यातच महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि हेच लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त जमातींच्या हक्कांसाठी काम करणारा गट स्थापन केला. अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी त्याच वर्षी नाट्यसंस्था काढली आणि आपल्या जमातीवरचा शिक्का रंगभूमीवर दाखविला.

आता न्यायालयाकडे वळू. खासगीपणाचा हक्क आपल्याकडे कोणा श्रीमंताच्या बंगल्यातून न्यायालयात आला असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. तो रात्री दार ठोठावले गेल्यामुळे आला.

उत्तर प्रदेशात खडकसिंग नावाच्या इसमाला १९४१ साली दरोड्याच्या आरोपावरून पकडले होते आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिले होते. तरी त्याच्या नावाने ठाण्यात हिस्टरी-शीट, म्हणजे संशयिताचे चरित्रपत्रक, उघडण्यात आले. पुढे त्याच्या घरावर गुप्त नजर, त्याच्या हालचालींची नोंद, चौकीदाराकडून चौकशी, आणि रात्री घरी येऊन त्याला उठविणे सुरू झाले. चौकीदार आणि शिपाई येत, हाका मारीत, दार वाजवीत, कधी आत येत. हा गृहस्थ सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरल्या. पण बहुमताने असेही म्हटले की, खासगीपणाचा हक्क म्हणून घटनेत काही दिलेले नाही. त्यामुळे माणसाच्या येण्याजाण्यावर नजर ठेवण्यास हरकत नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव आणि न्यायमूर्ती शहा यांना हे मान्य नव्हते. सतत नजरेखाली असलेला माणूस कुंपणाशिवाय कैदेत असतो, अशा आशयाचा त्यांचा विचार होता, आणि पाळतीचा सगळा नियमच रद्द व्हावा असे त्यांचे मत पडले. ते दोघे अल्पमतात राहिले.

हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. बहुमताला दाराचा आवाज ऐकू आला. अल्पमताला त्या दारामागे झोप न लागलेला माणूस दिसला.

टेलिफोनच्या बाबतीत मुंबईचेच एक प्रकरण प्रसिद्ध आहे. १९६४ साली मुंबईच्या कॉरोनरविरुद्ध लाच मागितल्याचा आरोप झाला, आणि एका डॉक्टरांशी झालेले त्यांचे टेलिफोनवरील बोलणे, त्या डॉक्टरांच्या संमतीने, पोलिसांनी ध्वनिमुद्रित केले. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा पुरावा ग्राह्य धरला. निरपराध नागरिकाचे बोलणे चोरून ऐकण्यापासून त्याला संरक्षण आहे, पण अपराध्याला त्याचा आडोसा घेता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु मनुष्य निरपराध की अपराधी हे बोलणे ऐकल्यानंतर ठरणार असेल, तर ऐकण्यापूर्वी ते संरक्षण कोणाला होते? या प्रश्नाला उत्तर मिळण्यास पुढे चोवीस वर्षे लागली. डिसेंबर १९९६ मध्ये 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संस्थेच्या अर्जावर न्यायालयाने दंडक घालून दिले: हुकूम गृहसचिवाचा असावा, तो दोन महिने चालावा, वाढविला तरी एकंदर सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये, आणि एका समितीने तो तपासावा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईतील एका व्यावसायिकाच्या टेलिफोनवरील असे तीन हुकूम रद्द केले आणि टिपलेले संभाषण नष्ट करावयास सांगितले. सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आहे असे नुसते लिहून भागत नाही, तसे खरोखर असावे लागते, हे त्या निकालाचे सार.

१८८५ चा तार कायदा आता इतिहासजमा झाला असून २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याची जागा घेतली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संदेश अडविण्याचे नवे नियम आले. हुकूम देणारा सचिव, तातडीच्या वेळी हुकूम देणारा पोलीस अधिकारी, आणि हुकूम तपासणारी समिती, हे सर्व सरकारी अधिकारीच. न्यायाधीशाची सही कोठेही लागत नाही. ज्याचे बोलणे ऐकले गेले त्याला नंतरसुद्धा कळविण्याची तरतूद नाही. जर्मनीत पाळत उठल्यावर संबंधिताला कळविण्याची सर्वसाधारण रीत आहे. घरातल्या घरात झालेली तपासणी किती कडक असणार, याचा अंदाज कोणत्याही परीक्षकाला बांधता येईल.

या प्रवाहात २०१० चे वर्ष मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला 'आधार' क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आला. गुजरातच्या सरहद्दीजवळचे हे गाव. ज्यांच्याजवळ दाखवावयास एकही कागद नाही त्यांना आपण कोण हे सिद्ध करता यावे, हा त्यामागचा उद्देश खरोखर उपकारक होता. अडचण पुढे आली. तोच क्रमांक बँकेला हवा, शिधावाटप दुकानाला हवा, मोबाईलच्या दुकानदाराला हवा, असे होत गेले. विटा आणि सिमेंट हाताळून ज्याच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या, त्याला यंत्र ओळखीना. दहा ठिकाणच्या नोंदींना एकच किल्ली लागू लागली, आणि जी माहिती पूर्वी विखुरलेली म्हणून निरुपद्रवी होती, ती एकत्र करता येण्याजोगी झाली.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली याविरुद्ध अर्ज केला. सरकारच्या वतीने सांगण्यात आले की, खासगीपणा हा घटनेत दिलेला हक्क नाही. १९५४ साली आठ न्यायमूर्तींनी तसे म्हटले आहे आणि १९६२ च्या निकालातही तेच आहे. साहजिकच प्रश्न नऊ न्यायमूर्तींपुढे गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्या नवांनी एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यावर आक्रमण करावयाचे असेल तर कायदा असला पाहिजे, हेतू न्याय्य असला पाहिजे, आणि उपाय हेतूच्या मानाने अवाजवी असता कामा नये. हा हक्क म्हणजे मूठभर सुखवस्तू लोकांचा विषय आहे, गरिबाला अन्न हवे, खासगीपणा नव्हे, हा युक्तिवादही न्यायालयाने फेटाळला. चावडीची हजेरी ज्यांनी दिली, त्यांच्या नातवंडांना हे वाक्य कोणी समजावून सांगावे लागणार नाही. याच निकालाने १९७६ चा, आणीबाणीत नागरिकाला न्यायालयाचे दार बंद करणारा, निकालही मोडीत काढला. त्या जुन्या निकालात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड बहुमतात होते. नव्यात तो मोडणारे एक न्यायमूर्ती त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

'आधार' मात्र मोडले नाही. २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते टिकले. बँक खाते आणि मोबाईल त्याला जोडण्याची सक्ती तेवढी गेली. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु राज्याच्या ज्या यंत्रणा सरकार नेमून देईल त्यांना त्यातून वगळण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. त्याआधी, २०२२ साली, कैद्यांच्या मोजमापांचा १९२० चा कायदा बदलला. आता पकडलेल्या माणसाच्या बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांच्या बुबुळांचीही नोंद घेता येते, आणि ती पंचाहत्तर वर्षे ठेवता येते. पंचविशीत पकडलेला तरुण शंभर वर्षांचा होईपर्यंत.

आणि ज्याच्यावर कसलाही संशय नाही, त्याचे काय? नंदेसरीच्या कामगाराच्या खिशात आज मोबाईल आहे. तो कोठे होता, कोणाला दूरध्वनी केला, किती वेळ बोलला, याची नोंद कंपनीला निदान दोन वर्षे ठेवावी लागते. बोलण्यातला मजकूर त्यात नसतो. पण रोज रात्री अकराला एकाच क्रमांकावर होणारे बोलणे, महिन्यातून एकदा एखाद्या इस्पितळाजवळ होणारा मुक्काम, एखाद्या संघटनेच्या सभेच्या वेळी त्या भागातली उपस्थिती, यांवरून माणसाचे घर, रोग आणि मत तिन्ही कळतात. त्याच्या आजोबांना चावडीवर चालत जावे लागत असेल. नातवाची हजेरी आपोआप लागते. तीमध्ये अपमान नाही म्हणून ती बोचत नाही, आणि बोचत नाही म्हणून तिचा प्रश्न विचारला जात नाही. 'मला लपविण्यासारखे काही नाही' असे सज्जन माणसे म्हणतात. पत्र पाकिटात घालणारा प्रत्येक माणूस कटात सामील नसतो, आणि न्हाणीघराला कडी लावणाराही काही चोर नसतो.

सरकारला गुन्हे शोधावयाचे आहेत, आणि घातपात करणारे लोकही खरोखर आहेत. मुंबईने १९९३ आणि २००८ साली त्याची जबर किंमत दिली आहे. विशिष्ट माणसाविरुद्ध सबळ कारण असेल तर त्याचे बोलणे ऐकावे लागेल; त्यात दुमत नाही. वाद आहे तो कारण तपासणारा कोण, मुदत किती, आणि वहीतून नाव उतरते केव्हा, यांविषयी.

या तिसऱ्या प्रश्नावर अलीकडे काही हालचाल झाली आहे. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हिस्टरी-शीटचा विषय सर्व राज्यांपुरता विस्तृत केला. हे पत्रक पोलिसांच्या अंतर्गत उपयोगाचे आहे, ते जाहीर करू नये. घरातील अल्पवयीन मुलांची माहिती त्यात घालू नये. विमुक्त जमातींतील निरपराध माणसांची नावे केवळ पूर्वग्रहामुळे यांत्रिकपणे चढविली जाऊ नयेत, असे न्यायालयाने सांगितले, आणि राज्यांनी आपापल्या नियमांचा विचार करावा असे फर्मावले. दिल्लीपुरते तर असे ठरले की, वरिष्ठ अधिकाऱ्याने ही पत्रके ठराविक काळाने तपासावीत. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तुरुंगांतील जातिभेदाच्या प्रकरणात, तुरुंगांच्या नियमावल्यांत 'सराईत' या शब्दाबरोबर विमुक्त जमातींचा जो उल्लेख येई, तो न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. म्हणजे १८७१ साली कायद्यात घातलेली ती नावे, कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे उलटल्यावरही, काही तुरुंगांच्या नियमावल्यांत शिल्लक होती.